बजेटमधल्या ऑडिओ इंटरफेसची तुलना घरी कशी करावी: आधी लेटन्सी, मग आवाज

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माईक किंवा वाद्य कॉम्प्युटरला जोडणारं खोकं, आणि लेटन्सी म्हणजे आवाजाला त्यातून जाता-येता लागणारा उशीर. पाच ते वीस हजारांतले दोन इंटरफेस शेजारी ठेवून ‘कुठला बरा’ हे ठरवताना बहुतेकांचं गणित सुरुवातीलाच चुकतं. एकाला कंपनीचा ड्रायव्हर असतो, दुसऱ्याला एएसआयओ-फॉर-ऑल हा कुठल्याही उपकरणावर चालणारा पर्याय. एकावर बफर, म्हणजे एका वेळी जमवल्या जाणाऱ्या सॅम्पलची संख्या, १२८, दुसऱ्यावर २५६. गेनची, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवण्याची, बटणं दोन्हीकडे ‘साधारण बारा वाजता’. मग ज्याचा आवाज थोडा मोठा येतो तो ‘क्लिअर’ ठरतो आणि सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात ज्याचा आकडा लहान दिसतो तो ‘फास्ट’ ठरतो. यातून दोन इंटरफेसमधला फरक कळत नाही, फक्त दोन सेटिंगमधला कळतो.

खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. लेटन्सीसाठी केलेली जोडणी पुढच्या टप्प्यात तशीच वापरायची आहे, आणि कानाने ऐकण्याचं काम शेवटी ठेवलं आहे, कारण आधी ऐकलं की मन बनतं आणि मग आकडेही आपल्याला हवे तसे वाचले जातात. एका इंटरफेसचे टप्पे १ ते ५ पूर्ण करा, मग दुसरा जोडून तेच पहिल्यापासून करा.

## टप्पा ० : तुम्हाला नेमकी कुठली लेटन्सी छळते?

माईकमधून आत गेलेला आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनपर्यंत येतो, त्या पूर्ण फेरीच्या वेळेला राउंड ट्रिप लेटन्सी म्हणतात. हा आकडा सगळ्यांच्या कामाचा नसतो.

तुम्ही गाता, अभिवाचन करता किंवा तबला रेकॉर्ड करता, आणि स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून ऐकता? मग तो आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन येत नाही. लेटन्सी २० मिलिसेकंद असली तरी तुमच्या कानाला ती कळणार नाही. तुमच्यासाठी प्रश्न एवढाच, की रेकॉर्ड झालेला तबला लेहऱ्याच्या बरोबर जागी बसतो की थोडा मागे सरकतो. त्याचं उत्तर टप्पा ३ मध्ये आहे.

गिटार अँप सिम्युलेटरमधून वाजवत असाल, किंवा गाताना प्लगइनचा रिव्हर्ब हेडफोनमध्ये हवाच असेल, तर पूर्ण फेरी महत्त्वाची. मिडी कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवणाऱ्याला ऑडिओची फक्त बाहेर येणारी बाजू लागते. त्याने पूर्ण फेरीचा आकडा बघून घाबरू नये.

किती चालतं? आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ९ मिलिसेकंदांची लेटन्सी आणि तीन मीटरवर ठेवलेला अँप, दोन्ही कानाला सारखेच. वादकाला १० मिलिसेकंदांच्या आत सहसा अडचण येत नाही. गायकाचं वेगळं आहे. त्याचा स्वतःचा आवाज हाडांतून कानापर्यंत आधीच पोचलेला असतो, आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज त्यात मिसळला की ३ ते ५ मिलिसेकंदांतही सूर पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटू लागतो. ‘माईक खराब आहे’ अशी तक्रार करणाऱ्या गायकाच्या हेडफोनमध्ये पुष्कळदा डायरेक्ट मॉनिटरिंग आणि सॉफ्टवेअर मॉनिटरिंग दोन्ही एकदम चालू असतात.

ब्लूटूथ हेडफोन या सगळ्या प्रकरणात कुठेही वापरायचे नाहीत. त्यांची स्वतःची लेटन्सीच इतकी असते की मोजायला काही उरत नाही.

## टप्पा १ : सामान आणि कॉम्प्युटरची तयारी

सामान थोडंच लागतं:

- दोन्ही बाजूंना पाव इंची टीआरएस प्लग असलेली एक छोटी केबल. टीएस, म्हणजे गिटारची केबल नको.
- एक एक्सएलआर मेल प्लग आणि १५० ओहमचा एक रेझिस्टर, रंगपट्ट्या तपकिरी, हिरवा, तपकिरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. रेझिस्टर काही रुपयांत, प्लगला जरा जास्त.
- तुमचा नेहमीचा माईक आणि एक स्पीकर. फोनचा छोटा स्पीकर नको, साधा ब्लूटूथ स्पीकर तारेने जोडला तरी पुरे.
- प्रत्येक इंटरफेसबरोबर आलेली त्याची स्वतःची यूएसबी केबल.

रेझिस्टर प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये डाखून ठेवा. १ नंबरची पिन मोकळी. हा ‘खोटा माईक’ टप्पा ६ मध्ये लागेल.

आता कॉम्प्युटर. इथे घाई केली तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं, कारण लॅपटॉप स्वतःच अडखळत असेल तर त्याला जोडलेला प्रत्येक इंटरफेस वाईट दिसतो.

१. विंडोजचा पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर न्या आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

२. वाय-फाय, ब्लूटूथ, क्लाउड सिंक आणि ब्राउझर बंद करा. अँटिव्हायरसचं स्कॅन चालू नाही ना, ते बघा.

३. लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. लाल पट्टी आली तर ते कुठल्या ड्रायव्हरकडे बोट दाखवतंय ते वाचा. बहुतेकदा वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरीचा ड्रायव्हर निघतो. तो सरळ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, हबमध्ये नाही. दोन्ही इंटरफेससाठी पोर्ट तोच.

५. विंडोजवर कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ताजा ड्रायव्हर घ्या. फर्मवेअर अपडेट सुचवत असेल तर तेही करा, आणि मग रीस्टार्ट.

६. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्‌झ, बिट डेप्थ २४. ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही जागी रेट एकच हवा.

७. विंडोजच्या सिस्टिम साउंडसाठी लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडा, नाहीतर मोजमापाच्या मध्येच ‘टिंग’ येतं.

इशारा : बेहरिंगर यूएमसी२२ सारख्या अगदी स्वस्त उपकरणांना कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (विंडोजवर कमी लेटन्सीसाठी वापरतात ती पद्धत) ड्रायव्हर नाही; ती एएसआयओ-फॉर-ऑलवर चालवावी लागतात. हा खरा एएसआयओ ड्रायव्हर नव्हे. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेलं ते एक आवरण आहे. असं उपकरण तुलनेत घ्यायला हरकत नाही, ती त्याची खरी परिस्थितीच आहे. पण ज्या इंटरफेसला स्वतःचा ड्रायव्हर आहे तोही एएसआयओ-फॉर-ऑलवर चालवून ‘दोन्ही सारखेच’ म्हणायचं, हा अन्याय झाला. आणि दोन्हींपैकी काय वापरलं ते नोंदीत लिहिलंच पाहिजे.

मॅकवर यातलं निम्मं काम वाचतं. बरेच इंटरफेस अॅपलच्याच यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर चालतात, त्यामुळे त्यांच्यातला लेटन्सीचा फरकही विंडोजपेक्षा कमी दिसतो. मॅकवर चाचणी करून विंडोजवाल्या मित्राला सल्ला देऊ नका.

## टप्पा २ : लूपबॅकची जोडणी

लूपबॅक म्हणजे इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटात घालणं. जोडण्याआधी पुढचा क्रम पाळा, यात कानाला आणि स्पीकरला धोका आहे.

१. मॉनिटर स्पीकर बंद करा, हेडफोन कानावरून काढा.

२. कंडेन्सर माईकला इंटरफेसमधून मिळणारी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर बंद.

३. डायरेक्ट मॉनिटरिंग बंद. ते चालू राहिलं तर इनपुट पुन्हा आउटपुटला, आउटपुट पुन्हा इनपुटला असं चक्र लागतं आणि इंटरफेस किंचाळतो. काही उपकरणांत याचं बटण नसतं, ‘इनपुट’ आणि ‘प्लेबॅक’ यांच्यामध्ये फिरणारा नॉब असतो. तो पूर्ण प्लेबॅककडे फिरवा.

४. इनपुट ‘लाइन’वर ठेवा, ‘इन्स्ट्रुमेंट’वर नाही. गेन शून्यावर.

५. आता केबल लाइन आउटपुट १ मधून इनपुट १ मध्ये.

६. सॉफ्टवेअरमध्ये ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड करणार, त्याचं इनपुट मॉनिटरिंग बंद.

तपासणी : १ किलोहर्ट्‌झचा सूर उणे १२ डीबीएफएसवर (डिजिटल कमाल पातळीला शून्य धरून मोजलेले डेसिबल) वाजवा. इनपुटच्या मीटरवर स्थिर पातळी दिसली पाहिजे. ती हळूहळू चढत असेल तर कुठेतरी चक्र लागलं आहे. केबल लगेच काढा आणि मुद्दा ३ आणि ६ पुन्हा बघा.

## टप्पा ३ : खरी लेटन्सी मोजणे

सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात दिसणारा मिलिसेकंदांचा आकडा मोजलेला नसतो. ड्रायव्हर स्वतःबद्दल जे सांगतो तेच तिथे छापलं जातं. काही ड्रायव्हर खरं सांगतात. काही फक्त बफर सांगतात आणि यूएसबीसाठी ठेवलेला जादा बफर किंवा कन्व्हर्टरला लागणारा वेळ धरतच नाहीत.

बफरचं स्वतःचं गणित सोपं आहे: बफरमधले सॅम्पल भागिले सॅम्पल रेट. ४८ किलोहर्ट्‌झवर ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.६७, २५६ म्हणजे ५.३३. जाताना एकदा आणि येताना एकदा, म्हणून दुप्पट. १२८ च्या बफरला दोन्हीकडचे मिळून ५.३३ होतात, पण मोजल्यावर आकडा त्याहून जास्तच येणार. हा वरचा भाग प्रत्येक इंटरफेसचा वेगळा, आणि तुलना खरं तर त्याचीच करायची आहे.

सोपा मार्ग : ऑब्लिक ऑडिओचं आरटीएल युटिलिटी हे मोफत सॉफ्टवेअर. ड्रायव्हर निवडा, इनपुट-आउटपुट चॅनल निवडा, मोजा. लिनक्सवर जॅक या ऑडिओ प्रणालीबरोबर येणारं जॅक-आयओडिले हेच काम करतं.

हाताने करायचा मार्ग, ज्यावर माझा जास्त विश्वास आहे, कारण त्यात डोळ्यांना सगळं दिसतं:

१. ट्रॅक १ वर एक तीक्ष्ण क्लिक ठेवा. मेट्रोनोमचा मऊ ‘टुक’ नको. ज्याची सुरुवात सरळ उभी चढते असा आवाज हवा.

२. ट्रॅक २ वर इनपुट १ रेकॉर्डला लावा.

३. सॉफ्टवेअरची लेटन्सी भरपाई बंद करा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या ऑडिओ, रेकॉर्डिंग या पानावर ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी वापरायची की नाही याची खूण असते, ती काढा.

४. रेकॉर्ड करा. दोन्ही क्लिक सॅम्पल दिसेपर्यंत मोठ्या करा आणि मधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा.

५. समजा अंतर ४३७ सॅम्पल आलं. ४३७ भागिले ४८ म्हणजे ९.१ मिलिसेकंद. ही तुमची खरी फेरी.

६. आता भरपाई पुन्हा चालू करा आणि तेच रेकॉर्ड करा. ड्रायव्हर खरं सांगत असेल तर दोन्ही क्लिक एकावर एक बसतील. ड्रायव्हर ३५२ सॅम्पल सांगत असेल, तर नवीन क्लिक ८५ सॅम्पल मागे पडेल, म्हणजे जवळजवळ १.८ मिलिसेकंद.

हा ८५ चा आकडा सॉफ्टवेअरच्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरला की तबला जागेवर बसतो. डायरेक्ट मॉनिटरिंगवाल्यांचं काम इथेच झालं. एका टेकला १.८ मिलिसेकंद कुणाला ऐकू येणार नाहीत. पण त्याच वाद्याचा आधीचा ट्रॅक बाहेर पाठवून पुन्हा आत घेतलात आणि मूळ ट्रॅकबरोबर वाजवलात, की आवाज लगेच पातळ होतो.

तपासणी : इंटरफेस काढून पुन्हा लावा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि आणखी दोन-तीनदा मोजा. आकडा तोच यायला हवा. दर वेळी वेगळा येत असेल तर तो इंटरफेस सरासरीने कितीही जलद असो, त्यावर कायमचा ऑफसेट लावता येत नाही. मी अशा उपकरणाला यादीत खाली ढकलतो.

मोजताना प्रोजेक्ट रिकामा ठेवा. मास्टरवर विसरलेला लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर स्वतःची लेटन्सी घालतो आणि दोष इंटरफेसच्या नावावर लागतो.

## टप्पा ४ : लहानात लहान चालणारा बफर

सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथे निघतात. ‘दोन्हीवर ६४ चा बफर ठेवला, अ चे ८.९ मिलिसेकंद आले, ब चे त्याहून जास्त, म्हणून अ जलद’ असं लोक म्हणतात. पण अ हा ६४ वर तुमचा खरा प्रोजेक्ट चालवतो का? त्यात चटचट येऊ लागली आणि १२८ वर जावं लागलं, तर दोन्ही बाजूंचे मिळून १२८ सॅम्पल, म्हणजे २.७ मिलिसेकंद वाढले. अ आता ११.६ वर. ब मात्र ६४ वरच ९.८ मिलिसेकंद देतो आणि एकही अडखळ नाही. मग जलद कोण?

म्हणून तुलना बफरच्या आकड्याची करू नका. ठरावीक भाराखाली स्वच्छ चालणारा लहानात लहान बफर शोधा आणि त्या बफरला मोजलेल्या मिलिसेकंदांची तुलना करा.

१. एक भार-प्रोजेक्ट बनवा: वीस ट्रॅक, प्रत्येकावर तोच रिव्हर्ब, एखादं सॉफ्टवेअर वाद्य. प्रोसेसरचं मीटर साधारण निम्म्यावर यावं. तो सेव्ह करा आणि दोन्ही इंटरफेसला हाच वापरा.

२. एका ट्रॅकवर सलग ४४० हर्ट्‌झचा सूर लूपबॅकमधून फिरवत दहा मिनिटं रेकॉर्ड करा.

३. रेकॉर्डिंग स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात बघा. सूर म्हणजे एक आडवी रेघ. जिथे ऑडिओ तुटला तिथे वरपासून खालपर्यंत उभी रेघ दिसते. कानाने सुटलेली चटचटही इथे सापडते.

४. एक जरी उभी रेघ आली तरी तो बफर नापास. पुढच्या मोठ्या बफरवर तेच पुन्हा.

५. जो पास झाला त्यावर टप्पा ३ ची फेरी मोजा आणि लिहून ठेवा.

सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्‌झ केला की तेवढ्याच सॅम्पलच्या बफरला निम्मा वेळ लागतो, हे खरं. पण प्रोसेसरवरचा भारही जवळपास दुप्पट होतो आणि बहुधा बफर वाढवून तुम्ही होता तिथेच परत येता. खोक्यावरच्या ‘१९२’ या आकड्याला यात काही किंमत नाही.

## टप्पा ५ : लूपबॅकमधून आवाजाची तपासणी

जोडणी तीच. सॉफ्टवेअर म्हणून रूम इक्यू विझार्ड किंवा राइटमार्क ऑडिओ अॅनालायझर घ्या, दोन्ही मोफत मिळतात.

आउटपुट आणि गेन असे जुळवा की परत आलेला सूर उणे ३ डीबीएफएसच्या आसपास दिसेल. इनपुट शून्याला टेकलं तर विकृतीचा मोठा आकडा येईल आणि तो खोटा असेल. टीआरएस केबलचा आग्रह इथे कामी येतो: टीएस केबल लावली तर बॅलन्स्ड आउटपुटाची अर्धी बाजू वाया जाते, पातळी बहुतेक इंटरफेसवर ६ डेसिबलने पडते, आणि दोन इंटरफेसना वेगवेगळ्या केबल लावल्या असतील तर तुलनाच बिघडते.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सवर वेळ घालवू नका. आजचा बहुतेक प्रत्येक इंटरफेस लाइन इनपुटवर २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ जवळजवळ सपाट असतो. बघायचं ते हे:

सूर बंद करा आणि नुसत्या शांततेचा स्पेक्ट्रम घ्या. ५०, १००, १५० हर्ट्‌झवर काटे दिसले तर ते विजेचे. १ किलोहर्ट्‌झ किंवा ८ किलोहर्ट्‌झवर बारीक काटा दिसला तर तो यूएसबीचा: जुन्या फुल-स्पीड यूएसबीची फ्रेम दर मिलिसेकंदाला येते, हाय-स्पीडची मायक्रोफ्रेम १२५ मायक्रोसेकंदांनी, आणि त्यांचीच शिट्टी आवाजात शिरते. चाचणीचा सूर नेहमी १ किलोहर्ट्‌झचा असल्यामुळे १ किलोहर्ट्‌झची शिट्टी त्याच्याखाली लपून राहते. म्हणून सुराशिवायचा स्पेक्ट्रम घ्यायलाच हवा.

काटे दिसले की इंटरफेसला दोष देण्याआधी चार्जर काढा आणि बॅटरीवर पुन्हा मोजा. दोन पिनांचा चार्जर, अर्थिंग नसलेला सॉकेट, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हे चार घरोघरचे गुन्हेगार आहेत. बॅटरीवर काटे नाहीसे झाले तर इंटरफेस निर्दोष, वायरमनला बोलवा. लोडशेडिंग चालू असताना, इन्व्हर्टरवर घेतलेलं कुठलंही मोजमाप फेकून द्या.

इशारा : लूपबॅकमध्ये आउटपुट आणि इनपुट दोन्हींचे दोष एकत्र येतात आणि माईकच्या प्रीअँपची, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाची, परीक्षा होतच नाही. माईकवर काम करणाऱ्याने इथे थांबून निकाल देऊ नये.

## टप्पा ६ : प्रीअँपची खरखर

स्वस्त इंटरफेसमध्ये पैसे कुठे वाचवले ते इथे कळतं. खरखर तपासताना लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही चुकीच्या: इनपुट मोकळं ठेवून गेन पूर्ण चढवतात, किंवा दोन्ही इंटरफेसचे नॉब सारख्या कोनात फिरवतात. मोकळं इनपुट माईक जोडलेल्या इनपुटापेक्षा जास्त खरखरतं आणि आजूबाजूची वीजही ओढतं. आणि नॉबचा कोन म्हणजे गेन नव्हे, कारण प्रत्येक कंपनीची पट्टी निराळी.

बरोबर क्रम असा:

१. पंखा, एसी बंद. मे महिन्यात हे पहाटे उरकलेलं बरं.

२. स्पीकरसमोर ३० सेंटिमीटरवर माईक स्टँडवर घट्ट बसवा. चाचणी संपेपर्यंत दोघांना हात लावायचा नाही.

३. स्पीकर फोनला तारेने जोडा आणि त्यातून पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेला सलग आवाज) वाजवा. एका सुराचा आवाज वापरू नका. खोलीच्या भिंतींवरून परतून त्याच्या पातळीत जागोजागी खड्डे पडतात, आणि माईक बोटभर हलला तरी आकडा बदलतो.

४. इंटरफेस अ चा गेन असा लावा की आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी, पातळी उणे २० डीबीएफएस दिसेल.

५. गेनला हात न लावता माईक काढा. कंडेन्सर माईक असेल तर आधी फॅन्टम बंद करून मिनिटभर थांबा. मग रेझिस्टरवाला प्लग घाला.

६. तीस सेकंद रेकॉर्ड करा आणि आरएमएस वाचा.

७. इंटरफेस ब वर ४ ते ६ पुन्हा. मीटर तोच हवा, कारण काही मीटर आरएमएस ३ डेसिबल वर दाखवतात.

अ ची खरखर उणे ८० आणि ब ची उणे ७५ आली, तर त्याच माईकला, तेवढ्याच मोठ्या आवाजाला अ हा ५ डेसिबलने शांत आहे. कुठलंही महागडं यंत्र न वापरता मिळालेला हा आकडा खोक्यावरच्या ईआयएनपेक्षा, म्हणजे कंपनीने दिलेल्या प्रीअँपच्या खरखरीच्या आकड्यापेक्षा, तुमच्या उपयोगाचा आहे. खोक्यावरचा आकडा कुणी ए-वेटेड, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे जुळवून, देतं, कुणी तसं न करता, आणि बहुधा गेन पूर्ण चढवून मोजलेला असतो. १५० ओहमच्या रेझिस्टरची स्वतःची उष्णतेची खरखरच साधारण उणे १३१ डीबीयू असते. त्याखाली जाणं कुणालाच शक्य नाही, त्यामुळे उणे १२८ आणि उणे १२९ वर भांडण्यात अर्थ नाही.

हा फरक तुम्हाला ऐकू येईल का, ते माईकवर ठरतं. कंडेन्सर माईक जोरात सिग्नल देतो, गेन कमी लागतो, आणि बहुतेक वेळा माईकची स्वतःची खरखर प्रीअँपच्या वर असते. दोन इंटरफेसमधला फरक तिच्याखाली बुडून जातो. डायनॅमिक माईकचं उलट. शुअर एसएम५८ एका पास्कलला साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, एसएम७बी तर १.१२ च. एसएम७बीला बोलण्यासाठी किमान ६० डेसिबल गेन लागतो. फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीचा गेन ५६ डेसिबलपर्यंत होता, चौथीचा ६९ आहे. पॉडकास्टसाठी एसएम७बी घेऊन त्याला कमी गेनचा इंटरफेस जोडायचा आणि मग ‘आवाज बारीक येतो, वाढवला की फस्स होतो’ म्हणायचं, हा प्रकार फार दिसतो. माईक आणि इंटरफेस एकत्रच निवडा.

तपासणी : नॉबच्या शेवटच्या दहाव्या हिश्शात काही प्रीअँपची खरखर एकदम उडी मारते. तुमचं काम तिथपर्यंत जातं का, ते टप्पा ६.४ मध्येच कळलेलं असेल.

## टप्पा ७ : आता कानाने, पण डोळे झाकून

दोन इंटरफेसवर दोनदा गाऊन तुलना होत नाही. माणूस दोनदा सारखं गात नाही, आणि दुसऱ्यांदा गळा तापलेला असतो.

१. तुमच्याच आवाजाचं किंवा वाद्याचं एक चांगलं रेकॉर्डिंग टप्पा ६ च्या स्पीकरमधून वाजवा, आणि न हललेल्या माईकने दोन्ही इंटरफेसवर पाळीपाळीने रेकॉर्ड करा.

२. दोन्ही फाइलींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ असा जाणवत नाही, तो ‘उजळ’ किंवा ‘भरदार’ असा जाणवतो. इंटरफेसच्या आवाजाबद्दल जी विशेषणं वाचायला मिळतात, त्यांतली बरीचशी याच अर्ध्या डेसिबलची असावीत असा माझा संशय आहे.

३. सुरुवात एकाच जागी कापा.

४. फूबार२००० मध्ये एबीएक्स कंपॅरेटर हा जोड घालून सोळा फेऱ्या करा; तो दर फेरीला दोन्हींपैकी एक फाइल नाव न सांगता वाजवतो आणि ती कुठली ते तुम्ही ओळखायचं. बारा किंवा जास्त बरोबर आल्या तर फरक खरोखर ऐकू येतो असं माना. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. फेऱ्या किती हे आधी ठरवा, हरत आलात म्हणून वाढवू नका.

एक फाइल उलट्या पोलॅरिटीने दुसरीवर टाकून ‘काय उरतं ते ऐका’ ही युक्ती इथे चालत नाही. दोन्ही इंटरफेसची घड्याळं किंचित वेगळी असतात, फाइली हळूहळू एकमेकींपासून सरकतात आणि बरंच काही उरतं. ते आवाजातल्या गुणवत्तेचं अंतर नसतं.

हेडफोनचं आउटपुट मात्र वेगळं तपासा. यूएसबी २ पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे सगळे मिळून अडीच वॉट येतात, आणि त्यातच सगळं भागवायचं असतं. २५० ओहमचे हेडफोन काही इंटरफेसवर पूर्ण नॉब फिरवूनही दबलेले राहतात. तुमचेच हेडफोन लावून, तुमच्या नेहमीच्या आवाजाला नॉब कुठे येतो ते बघा. तीन चतुर्थांशाच्या पुढे जात असेल तर तबल्याबरोबर गाताना कमी पडेल.

## टप्पा ८ : निकाल लावताना

प्रत्येक इंटरफेसच्या नोंदीत एवढं असावं: ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती, भाराखाली चाललेला लहान बफर, त्याला मोजलेले मिलिसेकंद, ड्रायव्हरच्या सांगण्यातली चूक सॅम्पलमध्ये, टप्पा ६ ची खरखर, आणि एबीएक्सचा निकाल.

अँप सिम्युलेटरवाल्याने मिलिसेकंद आधी बघावेत, मग हाय-झेड, म्हणजे गिटार थेट जोडायच्या, इनपुटचा इम्पिडन्स. तो १ मेगाओहमच्या आसपास असावा, फार कमी असेल तर गिटारची धार जाते. डायनॅमिक माईकवर बोलणाऱ्याने खरखर आणि गेन बघावा आणि लेटन्सीचं पान उलटून द्यावं. कंडेन्सरवर डायरेक्ट मॉनिटरिंगने गाणाऱ्याला या किमतीतला, स्थिर ऑफसेट देणारा कुठलाही इंटरफेस चालेल. त्याने वाचलेले पैसे खोलीत जाड पडदे आणि गाद्या लावण्यावर घालवले तर रेकॉर्डिंगमध्ये जास्त फरक पडेल. एबीएक्समध्ये सोळापैकी नऊ आले असतील, तर ‘आवाज’ हा निकष यादीतून काढून टाका आणि ड्रायव्हर, गेन, हेडफोनचा जोर यांवर निवडा.

ऑनलाइन मागवलेला इंटरफेस परत करण्याची मुदत बघून या चाचण्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरका आणि तोवर खोकं, फोम, प्लास्टिक जपून ठेवा. ठेवून घेतलेल्या इंटरफेसचा टप्पा ३ मात्र ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट झाल्यावर दर वेळी पुन्हा करा. ड्रायव्हरने आपली चूक सुधारली असेल आणि तुमचा जुना ८५ सॅम्पलचा ऑफसेट तसाच राहिला असेल, तर तबला आता तेवढाच पुढे पळेल.